मोरोक्कोची सहल : आखणी सूर्यास्तापासून

मोरोक्कोतील टँजियर या बंदराच्या शहरी १३०४ मध्ये जन्मलेला प्रवासी इब्न बतूता दिल्लीहून दक्षिणेकडे येताना दौलताबाद आणि नंदुरबार या ठिकाणी आला होता. नंदुरबारच्या मराठ्यांमधील वरिष्ठ वर्गाविषयी त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंद केली आहे. त्यांचा आहार भात, भाजीपाला आणि तिळाचे तेल असा असून प्राण्यांना पीडा देणे वा मारणे त्यांना मान्य नाही, असे तो लिहितो. चौदाव्या शतकात त्या देशाच्या एका सुपुत्राला जे उमगले, ते आज तेथील स्वयंपाक्याला आगाऊ समजावून सांगता आले, तर मोरोक्कोची सहल निम्मी सुकर झाली असे समजावे.

मात्र बहुतेक कुटुंबांत आखणी उलट्या टोकाने होते. आधी प्रेक्षणीय स्थळांची यादी, मग हॉटेले, आणि तिकिटे निघाल्यानंतर आजीच्या चौविहाराचा प्रश्न. तेव्हा दोनच वाटा उरतात : वडीलधाऱ्यांना घरी ठेवायचे, किंवा दहा दिवस खाखऱ्यांवर काढायचे. पहिल्या वाटेने घरातील माणसे दुरावतात आणि दुसरीने सहलीची रया जाते. वास्तविक या दोहोंची गरज नाही. आखणीचा आरंभ घड्याळापासून आणि चुलीपासून करावा, इतकेच.

घड्याळ येथे पाहुण्याच्या बाजूने आहे. मोरोक्कोची वेळ भारताच्या साडेचार तास मागे असते आणि हा देश पश्चिमेच्या टोकाला असल्याने घड्याळानुसार सूर्य उशिरा मावळतो. माराकेश येथे ऑक्टोबरच्या मध्यास सूर्यास्त सुमारे सात वाजता, तर एप्रिलच्या मध्यास आठच्या आसपास होतो. सायंकाळचे भोजन साडेपाच-सहाला सांगून ठेवले, तर दिवसभराचे फिरणे आटोपूनही ते निवांत होते. डिसेंबरात मात्र सूर्योदयच सव्वाआठच्या पुढे जातो. नवकारशी पाळणाऱ्यांची न्याहारी त्यामुळे नऊनंतर होणार, हे ध्यानात घेऊन सकाळच्या प्रवासाची वेळ ठरवावी. हवामानाच्या दृष्टीने वसंत आणि शरद हे दोन्ही ऋतू अनुकूल. दिवाळीची सुटी त्यात नेमकी बसते.

दोन काळ टाळावेत. रमजानात घड्याळे एक तास मागे घेतली जातात, दिवसा अनेक उपाहारगृहे बंद असतात, आणि शहरातील चुली खऱ्या अर्थाने उजळतात त्या सूर्यास्ताला. म्हणजे चौविहार करणाऱ्यांचे ताट आवरले जाते नेमके तेव्हा. दुसरा काळ ईद-उल-अजहाचा. २०२६ आणि २०२७ मध्ये हा सण मे महिन्यात, मुलांच्या सुटीतच येतो. त्या दिवसांत गल्लोगल्ली मेंढ्यांची कुर्बानी होते. तो यजमानांचा सण आहे; ज्यांना ते दृश्य पाहवणार नाही, त्यांनी आपली तारीख बदलावी हेच सौजन्याचे.

आता चूल. मोरोक्कोत केवळ ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही. भाज्या घातलेला कुसकुस पुष्कळदा मांसाच्या रश्श्यात भिजलेला असतो. मातीच्या शंकाकृती झाकणाखाली शिजणाऱ्या ताजीनमध्ये कांदा, बटाटा, गाजर हमखास येतात. म्हणून मोठ्या हॉटेलापेक्षा ‘रियाद’ निवडावा. मधोमध अंगण असलेल्या जुन्या वाड्यांत पाच-दहा खोल्यांची ही निवासस्थाने चालतात आणि तेथील स्वयंपाकीण सांगितल्याप्रमाणे वेगळे शिजवून देऊ शकते. काय चालते आणि काय नाही, हे फ्रेंच व अरबीत लिहून आरक्षणाबरोबरच पाठवावे आणि तीच चिठ्ठी प्रवासात जवळ बाळगावी. तोंडी सांगताना ‘ब्ला’ म्हणजे ‘शिवाय’ हा शब्द उपयोगी पडतो : ब्ला लहम म्हणजे मांसाशिवाय, ब्ला तूम म्हणजे लसणाशिवाय. बटाट्याला तेथेही ‘बताता’च म्हणतात! बाजारात मसूर, हरभरे, दुधी, भोपळा, टोमॅटो, बदाम, खजूर आणि संत्री विपुल मिळतात. न्याहारीची ‘म्समन’ ही चौकोनी पदराची पोळी घरची आठवण करून देते. सोबत येणारा मध नको असल्यास आधीच सांगावे. उकळलेल्या पाण्यासाठी विजेची किटली न्यावी. तेथे दोन गोल पिनांचा प्लग चालतो.

मार्ग ठरवताना अंतरांचा मोह आवरावा. फेसहून मर्झूगाचे वाळवंट सुमारे पावणेपाचशे किलोमीटर, म्हणजे संपूर्ण दिवसाचा प्रवास. वाटेत मिदेल्टला मुक्काम केल्यास ज्येष्ठांना झेपतो. मर्झूगाहून माराकेशला येताना आइत बेनहद्दू हे मातीचे तटबंद गाव पाहून २,२६० मीटर उंचीचा तिश्का घाट ओलांडावा लागतो. वाळवंटातील तंबूंमध्ये प्रथा अशी, की आधी उंटावरून सूर्यास्तदर्शन आणि मग रात्री उशिरा भोजन. हा क्रम उलटा करून मागावा : आधी भोजन, मग वाळूच्या टेकडीवर पायी किंवा गाडीने जाऊन सूर्यास्त. रात्रीच्या संगीताला आणि ताऱ्यांना मर्यादा नाही.

व्यापारी घराण्यांना हा देश विशेष जवळचा वाटेल. मर्झूगाजवळच्या सिजिलमासा या आता भग्न झालेल्या नगरीतून शतकानुशतके सहारापारच्या सोन्याची आणि मिठाची उलाढाल होत असे. फेसमधील ‘नज्जारीन फुंदुक’ ही जुनी सराई आता लाकडी कलांचे संग्रहालय आहे. खाली माल आणि जनावरे, वर व्यापाऱ्यांच्या खोल्या, ही रचना पाहून आपल्या पेठांची आठवण यावी. त्याच शहरातील करवीयीन हे विद्यापीठ ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी या व्यापाऱ्याच्या कन्येने वारशाच्या धनातून उभारलेल्या मशिदीतून विकसित झाले, अशी परंपरा सांगते. वाटाडे मात्र पाहुण्यांना सवयीने चामडे कमावण्याच्या कुंडांकडे नेतात. नको असल्यास तो वेळ या सराईला आणि पितळकामाच्या पेठेला द्यावा, असे आदल्या दिवशीच सांगावे. दिऱ्हाम देशाबाहेर चालत नाही. लागेल तेवढेच चलन बदलावे, पावत्या जपाव्यात आणि उरलेली रक्कम निघण्यापूर्वी परत बदलून घ्यावी. भारतीयांना व्हिसा आवश्यक असून तो ऑनलाइन मिळण्याची सोय आहे.

आखणीची पहिली बैठक घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीसमोर भरवावी. त्यांचे नियम प्रथम कागदावर उतरवावेत, स्थळांची यादी त्यांच्या खाली लिहावी. एखादे शहर गळेल, एखादा मुक्काम वाढेल. पण जेवणाच्या पंगतीतून घरातील कोणी गळणार नाही.