पुण्याच्या ग्लासातली पंधरा वर्षं

२००९पर्यंत पुण्यात बिअरची निवड एका प्रश्नात आटपायची: माइल्ड की स्ट्राँग? परमिट रूममधला वेटर तेवढंच विचारायचा आणि बहुतेक टेबलांवरून 'स्ट्राँग' हेच उत्तर यायचं. चवीचा विषय निघत नसे. तक्रार असलीच तर बाटली पुरेशी चिल्ड नसल्याची. जीभ बधिर झाल्यावर चवीची चौकशी कोण करणार?

त्या वर्षी कोरिंथियन्स क्लबच्या आवारात 'डूलाली' ही ब्रुअरी सुरू झाली. नाव देवळालीच्या लष्करी छावणीवरून, ब्रूमास्टर जर्मन, ऑलिव्हर शाउफ. ग्लासात आलेली बिअर चक्क गढूळ! नवखा माणूस ती उजेडाकडे धरून हमखास विचारायचा, "खराब तर नाही ना?" हेफेवाइझन ही गव्हाची, न गाळलेली बिअर, गढूळपणा यीस्टचा आणि धान्यातल्या प्रथिनांचा. नाक जवळ नेलं की आधी पिकलेलं केळं, मागून लवंग. टाकीत यातलं काहीच घातलेलं नसतं. आंबवताना यीस्टच हे वास तयार करतं. ऊब जास्त मिळाली की सहसा केळं वरचढ होतं, कमी ठेवली की लवंग पुढे येते. पुणेकरांना ही बिअर चटकन मानवली, त्याचं कारण माझ्या मते अगदी साधं आहे. ती कडू नाही.

कडूपणाची परीक्षा पुढे मुंढव्यात 'इंडिपेन्डन्स', मुंबईत 'गेटवे' वगैरे मंडळी हॉप्सच्या फुलांनी कडू केलेली आयपीए पाजू लागली तेव्हा झाली. कारल्याची भाजी मागून घेणारी माणसं हॉप्सचा पहिला घोट घेऊन तोंड वाकडं करायची. आयपीएचे भक्त झाले, पण थोडेच. मधल्या काळात धंद्याचीही परीक्षा झाली: महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद करणारा न्यायालयाचा आदेश २०१७मध्ये लागू झाला, नंतर शहरांपुरता शिथिल झाला. मग २०२०ची टाळेबंदी आली. ताजी बिअर टाकीत वाट बघत बसू शकत नाही, त्यामुळे तो काळ मालकांना फार जड गेला.

या सगळ्यात मला सर्वांत रस वाटला तो स्थानिक फळांच्या प्रयोगांत. हापूसच्या हंगामात कुठे ना कुठे आंब्याची बिअर निघतेच. लोक आमरसाची गोडी मनात धरून मागवतात आणि हिरमुसतात, कारण आंब्यातली साखर यीस्ट खाऊन टाकतं. उरतो तो सालीजवळचा किंचित राळेसारखा वास. मग काही जण शेवटी सिरप ओततात. असा एक ग्लास मी अर्धा टाकून उठलो होतो. ते सरबतच होतं, वर फेस एवढाच फरक.

कोकमाचं मात्र जमलं. पुण्याच्या 'ग्रेट स्टेट एलवर्क्स'ने मीठ घालून कोकम एल केली, तेव्हा पहिल्या घोटाला हसू आलं आणि दुसऱ्याला पटलं. साखर खाणारं यीस्ट कोकमाच्या आंबटपणाच्या वाटेला फारसं जात नाही, त्यामुळे फळाची ओळख टिकते. जर्मनीत गोझ नावाची आंबट-खारट बिअर शतकानुशतकं होत आलीय, म्हणजे मीठ हा काही थिल्लरपणा नव्हे. सोबत तळलेला बोंबील असेल तर मी दुसरं काही मागवत नाही.

एवढ्या फळांनंतर आता माझं मन साध्या पिल्सनरकडे वळलंय. नव्या टॅपरूममध्ये गेलो की आधी तीच मागवतो. तिच्यात केळं-लवंग नाही, कोकम नाही; काही बिघडलं तर लपवायला जागा नाही. पण पिल्सनर ही लागर, आणि तिथे ब्रुअरीवाल्यांची अडचण खरी आहे. एल दोन-तीन आठवड्यांत टाकी मोकळी करते, लागर नीट करायची तर तीच टाकी महिनाभर, कधी त्याहूनही जास्त अडकते, आणि जागेचं भाडं काही थांबत नाही. म्हणून घाई होते. ग्लासाला लोण्याचा वास आला तर बहुधा तीच घाई झालेली असते.