प्रस्तरारोहण, मुंबई उपनगरांतील

प्रस्तरारोहण, मुंबई उपनगरांतील : उभे कडे, सुळके, मोठे सुटे पाषाण आणि तीव्र उताराचे उघडे कातळ हातापायांच्या बळावर चढून जाण्याचा व सुरक्षितपणे उतरून येण्याचा साहसी क्रीडाप्रकार. दोर, मेखा, कड्या इ. साधने यात वापरली जात असली, तरी मुक्त चढाईत ती पडणाऱ्यास वाचविण्यासाठी असतात. चढणाऱ्यास वर ओढण्यासाठी नव्हेत. हिमप्रदेशातील निष्णात स्कीपटू ४५ अंशांहून तीव्र उतार निवडतात, तेथे एकदा तोल गेला म्हणजे सावरण्यास जागा उरत नाही. महाराष्ट्रात तसे हिम नाही. अशा उताराशी जमवून घेण्याची विद्या येथे सह्याद्रीच्या कातळावर वाढली आणि मुंबईकर आरोहकांच्या बाबतीत तिची प्राथमिक शाळा बोरिवली, मुलुंड, मुंब्रा या लोकलने गाठता येणाऱ्या स्थानकांभोवतालच्या डोंगरांत भरली.

कडा चढण्याचे कसब या प्रदेशास नवे नाही. सह्याद्रीतील अनेक दुर्गांच्या वाटा कातळात खोदलेल्या पायऱ्यांच्या असून १८१८ नंतर इंग्रजांनी त्यांपैकी कित्येक सुरुंगाने उडविल्या. अलंग व मदन या किल्ल्यांवर जाताना आजही दोर लावावा लागतो, त्याचे कारण हेच. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे यांच्या मावळ्यांनी कोंढाण्याचा कडा दोराच्या साहाय्याने चढून किल्ला घेतला. घोरपडीला दोर बांधून ती कड्यावर चढविल्याची कथा लोकप्रिय असली, तरी इतिहासकार ती ग्राह्य मानत नाहीत; प्रत्यक्ष चढाईचा अनुभव असलेल्यासही ती पटणे कठीण आहे. कोंडाजी फर्जंद यांनी १६७३ मध्ये अवघ्या साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला, तोही रात्रीच्या चढाईने. तथापि या सर्वांत कडा हे साधन होते, साध्य नव्हते. कड्यासाठीच कडा चढावा, ही कल्पना युरोपातून आली.

एव्हरेस्टवर २९ मे १९५३ रोजी मानवाचे पाऊल पडले आणि पुढील वर्षी दार्जिलिंग येथे हिमालयन गिर्यारोहण संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी, म्हणजे १९५४ मध्ये, मुंबईत ‘गिरिविहार’ ही संस्था निघाली. देशातील जुन्या नागरी गिर्यारोहण संस्थांत तिची गणना होते. हिमालय दूर, रजा थोडी आणि साधने महाग, अशा परिस्थितीत नोकरदार व विद्यार्थी आरोहकांना रविवारी सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल असा खडक हवा होता. पॅरिसच्या आरोहकांनी आल्प्सच्या तयारीसाठी फाँतेनब्लोच्या जंगलातील पाषाण जसे वापरले, तसेच कान्हेरीचे कातळ मुंबईकरांच्या उपयोगी पडले.

खडकाचे स्वरूप : चढाईची पद्धत खडक ठरवितो, म्हणून याचा विचार प्रथम करणे आवश्यक आहे. सह्याद्री हा लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या जवळजवळ आडव्या थरांचा बनलेला आहे. कठीण, घट्ट बेसाल्टाचा थर उभा कडा होऊन राहतो. त्यामधील मऊ, सच्छिद्र थर झिजून मुरमाड पायठण बनतो. परिणामी आरोहकास कड्याचा एक टप्पा, मग गवताळ व घसाऱ्याची पट्टी, पुन्हा कडा असा क्रम मिळतो. ही गवताची पट्टी नवशिक्यास सोपी वाटते; वस्तुतः अनेकदा तीच अधिक धोक्याची असते, कारण तेथे मेख ठोकण्यास भरवशाचा खडक नसतो आणि उपटून हाती येणारे गवत हाच काय तो आधार असतो.

साष्टीतील म्हणजे मुंबई उपनगरांतील खडक मुख्य सह्याद्रीहून काहीसा वेगळा आहे. येथील थर पश्चिमेस समुद्राकडे कललेले आहेत. त्यामुळे साधारणपणे पूर्वाभिमुख कड्यावर हाताच्या पकडी आतील बाजूस उतरत्या व म्हणून सोयीच्या मिळतात, तर पश्चिम उतारावर फरशीसारखे सपाट कातळ उघडे पडतात. बेसाल्टाखेरीज ट्रॅकाइट, रायोलाइट, ज्वालामुखी राख घट्ट होऊन बनलेला टफ आणि तुटक्या दगडांचे तुकडे एकत्र सांधले जाऊन झालेला कोणाश्म हे खडकही येथे आढळतात. कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी या कोणाश्मातच खोदली आहेत. शिल्पकारास तो सोयीचा ठरला. आरोहकाच्या दृष्टीने त्याचा पृष्ठभाग खडबडीत, बुटास चांगला धरणारा, परंतु त्यातून वर आलेला प्रत्येक दगड पक्का असेलच असे नाही. पकड हाती घेण्यापूर्वी ती तळव्याने ठोकून पाहावी, भरीव आवाज आला तरच तीवर भार द्यावा, ही शिकवण येथूनच सुरू होते.

अंधेरी पश्चिमेस असलेली गिल्बर्ट टेकडी हा याच प्रदेशातील सर्वांत लक्षणीय कडा होय. काळ्या बेसाल्टाचे उभे बहुकोनी स्तंभ एकमेकांस चिकटून सु. ६१ मी. उंचीचा हा सुळका बनला आहे. तप्त लाव्हा सावकाश थंड होताना आकुंचन पावतो व त्यात उभ्या भेगा पडतात, त्यांमुळे असे स्तंभ तयार होतात. आर्गॉन समस्थानिकांच्या पद्धतीने २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनानुसार या खडकाचे वय सु. ६ कोटी ५ लक्ष वर्षे, म्हणजे मुख्य दख्खन लाव्हांहून कमी आहे. माथ्यावर गावदेवी व दुर्गामाता यांची मंदिरे असून तेथे कातळातील पायऱ्यांनी जाता येते. भोवतालचा खडक खाणकामात तुटून गेला आणि नंतर पायथ्यापर्यंत इमारती व झोपड्या आल्या. स्तंभांच्या सांध्यांत पाणी शिरून तुकडे सुटतात. खाली माणसे राहत असल्यामुळे तेथे आरोहणाचा विचारही करणे अयोग्य ठरेल. उपनगरांतील डोंगर हा केवळ क्रीडेचा विषय नाही, हे घाटकोपर येथे जुलै २००० मध्ये वस्तीवर दरड कोसळून झालेल्या मोठ्या प्राणहानीने दाखवून दिले. मुसळधार पावसात पाण्याने जड होणारी माती व झिजलेला खडक तेथेही तोच होता.

तंत्र : तिरप्या कातळावर आरोहक घर्षणाच्या बळावर उभा असतो. बूट व खडक यांमधील घर्षणगुणांक १ असेल, तर ४५ अंशांच्या उतारापर्यंत पकडीवाचून उभे राहता येते. रबरी तळव्याचे खास बूट कोरड्या, खरखरीत दगडावर याहून थोडे अधिक देतात. भीतीमुळे नवशिक्या खडकाला बिलगतो. त्याबरोबर शरीराचा भार पायांवरून हलून तळवे बाहेरच्या दिशेने ढकलले जातात व पाय सुटतो. टाच खाली, कंबर खडकापासून दूर आणि नजर पायांकडे, ही स्थिती मनाविरुद्ध असली तरी तीच सुरक्षित होय. चार अवयवांपैकी तीन नेहमी खडकावर ठेवून एकच हलवावा, हाही प्रारंभीचा नियम आहे. दोन कातळांमधील अरुंद फटीत पाठ एका बाजूस व पाय दुसऱ्या बाजूस रोवून वर सरकण्यास ‘चिमणी’ चढाई म्हणतात. धुराड्याच्या चिमणीवरून हे नाव पडले. बाहेर झुकलेल्या कड्यावर मात्र भार हातांवर येतो आणि बोटांची शक्ती काही मिनिटांतच संपते.

पहिला आरोहक दोर घेऊन चढतो, दुसरा खाली स्वतःस खडकाशी बांधून घेऊन तो दोर सोडत राहतो. यास ‘बिले’ देणे म्हणतात. पहिला जाता जाता मेखा किंवा बोल्ट यांत कडी अडकवून दोर तीतून नेतो. शेवटच्या कडीच्या ५ मी. वर असताना तो पडला, तर किमान १० मी. पडतो. धक्क्याची तीव्रता मात्र केवळ उंचीवर अवलंबून नसते. पडण्याचे अंतर भागिले सोडलेल्या दोराची लांबी या गुणोत्तरावर ती ठरते, कारण धक्का शोषणारा दोरच असतो. १० मी. दोर सोडलेला असता १० मी. पडल्यास हे गुणोत्तर १ येते. एकही कडी न लावता आरोहक बिले देणाऱ्याच्याही खाली पडला, तर ते २ होते. म्हणून कड्याच्या मध्यावरील टप्प्यावरून पुढे निघताना पहिली मेख शक्य तितक्या लवकर लावणे महत्त्वाचे असते. यासाठी ताण सोसून लांबणारा नायलॉनचा दोर वापरतात. पूर्वीचे काथ्याचे व तागाचे दोर हा धक्का सोसू शकत नसत. सह्याद्रीच्या बेसाल्टात खोल, निरुंद भेगा सर्वत्र मिळत नाहीत. त्यामुळे छिद्र पाडून बोल्ट बसविण्याची प्रथा पडली. पावसाळ्याच्या चार महिन्यांत गंजलेल्या जुन्या बोल्टवर डोळे मिटून भिस्त ठेवणे, ही येथील आरोहकाची वारंवार घडणारी चूक होय.

अवरोहण : दोरावरून उतरण्यास रॅपलिंग म्हणतात. प्रेक्षकांस हाच सर्वांत सोपा भाग वाटतो व सहलींच्या जाहिरातींत तोच पुढे केला जातो. वस्तुतः चढताना दोर हा दुसरा आधार असतो. उतरताना तोच एकमेव आधार असतो. दोर ज्या ठिकाणी बांधला आहे तो दगड वा बोल्ट निसटणे, दोराच्या टोकास गाठ न मारल्याने त्यावरून सुटून जाणे, केस वा कपडे उतरण्याच्या साधनात अडकणे या गोष्टी चांगल्या आरोहकांच्याही हातून घडलेल्या आहेत. दोन स्वतंत्र ठिकाणी दोर बांधणे आणि मुख्य दोरावर प्रुसिक गाठ ठेवणे, हे त्यावरील साधे उपाय आहेत. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांच्या नावाने ओळखली जाणारी ही गाठ भार आला की आवळते व भार काढला की सरकते. धबधब्यातून दोरावरून उतरण्याचा प्रकार अलीकडे फार बोकाळला आहे. निसरडा खडक, वाढता प्रवाह आणि ऐकू न येणाऱ्या सूचना यांमुळे तो नवशिक्यांचा खेळ नव्हे.

ऋतू व अन्य धोके : नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरते, तर उन्हाळ्यात दुपारी तो हात न लावण्याइतका तापतो. सह्याद्रीतील एक धोका परदेशी ग्रंथांत सहसा आढळत नाही, तो म्हणजे आग्या मोहोळ. उंच कड्यांच्या पुढे आलेल्या भागाखाली या माश्यांची मोठी पोळी असतात. धूर, उग्र वास किंवा मोठा आवाज यांनी त्या उठतात. दोरावर अडकलेल्या माणसास पळण्यास वाट नसते. चढाईपूर्वी दुर्बिणीने कडा निरखणे हा त्यामुळे तयारीचाच भाग मानला जातो.

कान्हेरी परिसर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात असून लेणी हे संरक्षित स्मारक आहे. लेण्यांवर चढणे वा तेथे बोल्ट ठोकणे कायद्याने निषिद्ध असून अन्यत्रही वनखात्याची परवानगी लागते. हे निर्बंध रास्तच आहेत. परंतु त्यांच्या बाहेरचे खडक खाणी व बांधकामे यांनी नाहीसे होत गेले, याची दखल त्या मानाने कमी घेतली गेली. परिणामी सराव नवी मुंबईतील बेलापूरचे पाषाण, मुंब्र्याचे कडे आणि कृत्रिम भिंती यांकडे सरकला. प्लायवुडच्या भिंतीवर रंगीत पकडी स्क्रूने बसवितात. त्या बदलून मार्ग बदलता येतो. गिरिविहारच्या पुढाकाराने २०१६ व २०१७ मध्ये नवी मुंबईत पाषाणारोहणाच्या जागतिक चषक स्पर्धा झाल्या, त्या अशाच भिंतींवर. टोकिओ येथे २०२१ मध्ये झालेल्या ऑलिंपिकमध्ये या क्रीडेस प्रथम स्थान मिळाले. भिंतीवर घडलेल्या आरोहकाची बोटे पूर्वीच्या पिढीहून निश्चितच बळकट असतात. मात्र पकड ठोकून पाहण्याची सवय त्यास लागत नाही, कारण भिंतीवरील पकड सहसा निखळत नाही. असा आरोहक नागफणी किंवा हरिश्चंद्रगडाचा आत वळलेला कोकणकडा गाठतो, तेव्हा त्यास सुटा खडक ओळखण्याचा धडा प्रथमच आणि तोही बऱ्याच उंचीवर गिरवावा लागतो. अनुभवी प्रशिक्षक म्हणूनच भिंतीवर तयार झालेल्या विद्यार्थ्यास आधी किमान एक हंगाम मुंब्र्यासारख्या कमी उंचीच्या नैसर्गिक कातळावर, वरून दोर लावून चढवितात.