चिखलाकाठचे पाहुणे

स्थलांतर करणारे पक्षी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर थंडी उभी राहते. दिवाळी सरली, पहाटे धुके पडू लागले, की परदेशचे पक्षी येतात अशी आपली सर्वसाधारण समजूत. मीही तीच बाळगून होतो. परंतु गेली तीन वर्षे बेळगावच्या आसपासची शिवारे आणि तळी पायांखाली घातल्यावर कळले, की त्यांतले पहिले पाहुणे गणपतीच्याही आधी येऊन पोहोचतात. आपण छत्री सांभाळीत चिखल चुकवीत असतो, तेव्हा हे पक्षी तोच चिखल शोधत आलेले असतात.

हे कोण? तुतारी, टिलवा, चिखल्या अशा नावांनी ओळखली जाणारी काठावरची मंडळी. त्यांतली बरीचशी हिमालयापलीकडे, सैबेरियात, काही तर थेट उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात वीण करतात. तिकडचा उन्हाळा फार थोडक्या दिवसांचा. अंडी उबली, पिले स्वतः टिपून खाऊ लागली, की मोठी माणसे, म्हणजे मोठे पक्षी, दक्षिणेची वाट धरतात. म्हणून ऑगस्टमध्ये आपल्याकडे प्रथम दिसतात ते विटक्या, झिजल्या पिसांचे प्रौढ पक्षी. नव्या कोऱ्या, रेखीव पिसांची त्या वर्षीची पिले मागाहून येतात. अनेक जातींत आईबापांच्या सोबतीविना. वाट दाखविणारे कोणी नाही, आधी कधी पाहिलेला मुलूख नाही. २०२२ साली अशाच एका पाच महिन्यांच्या पक्ष्याच्या पाठीवर यंत्र बसवले होते. आपल्या तुतारीच्याच कुळातला तो पक्षी. अलास्काहून निघाला तो अकरा दिवस कोठेही न उतरता सुमारे १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियाला पोहोचला. आपल्यापैकी कित्येकांना कॉलेजात प्रवेश घ्यायलादेखील घरचे माणूस बरोबर लागते!

नवशिक्याने प्रथम तीन तुताऱ्या ओळखाव्यात. सामान्य तुतारी सारखी शेपूट हलवीत काठाने फिरते; तिच्या खांद्याशी पांढरा पट्टा वर चढलेला दिसतो, आणि उडताना ती पंख ताठ धरून पाण्यालगत जाते. हिरवी तुतारी पाठीवर काळपट. ती उडाली की शेपटीच्या वरचा शुभ्र भाग लख्खन दिसतो. गंमत म्हणजे ही चिखलातली बाई वीण करताना मात्र झाडावरच्या दुसऱ्या पक्ष्याच्या जुन्या घरट्यात अंडी घालते. तिसरी ठिपकेवाली तुतारी. पाठीवर फिकट ठिपके, पाय पिवळसर. याखेरीज चिमणीएवढा, काळ्या पायांचा, चोच शिवणयंत्रासारखी चालवणारा दिसला तर तो छोटा टिलवा समजावा. आणि चार पावले धावून एकदम थबकणारा, मग टोच मारणारा तो चिखल्या.

एवढे पक्षी एकाच काठावर भांडणाशिवाय कसे जेवतात, याचे उत्तर चोचीत आहे. चिखल्याची चोच आखूड. तो डोळ्यांनी हेरून वरचेवर टिपतो. तुताऱ्या त्याहून थोड्या खोल जातात. पाणलाव्याची लांब चोच मऊ चिखलात पार आत शिरते, आणि टोकाशी असलेल्या स्पर्शज्ञानावर त्याला न दिसणारी अळीदेखील सापडते. पाय आखूड असल्याने यांतल्या बहुतेकांना खोल पाणी उपयोगाचे नाही. चार बोटे पाणी आणि त्यालगतचा उघडा, ओला चिखल, हेच त्यांचे ताट.

आता हे ताट कोठे मांडलेले असते? आपल्याजवळ म्हणाल तर येळ्ळूरकडच्या भातशेतीत आणि बळ्ळारी नाल्याच्या काठाने पाहावे. नाल्याचे पाणी शिवारात शिरून जेथे पीक कुजते, तेथे चिखल उघडा पडतो. तेथेच मी दुर्बीण लावून बसलो असता एक काका म्हणाले, “काय बघालास रे?” मी पक्षी दाखविले. ते क्षणभर पाहून म्हणाले, “पाखरांची मजा, आमची सजा.” त्या बोलण्यानंतर नाल्याच्या पुराबद्दल मी आनंदाने कधी बोललो नाही. पूर ओसरल्यावर गोकाकजवळ घटप्रभेवरचे धूपदाळ गाठावे. १८९७ च्या बंधाऱ्यामागे तेथे विस्तीर्ण पाणथळ आहे. गोव्यात नातेवाईक असतील तर मोर्जीचा किनारा किंवा मांडवीतले चोडण बेट पाहावे. समुद्रकाठी मात्र भरती-ओहोटीची वेळ पाहून जावे. ओहोटीत पक्षी दूरवर पांगतात. भरती चढू लागली की उरलेल्या कोरड्या जागी दाटीने गोळा होतात. ऊन पाठीशी घ्यावे आणि चालण्यापेक्षा बसावे.

शेवटी माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगतो. आमच्या गावाबाहेर एक लहान तळे आहे. दोन भाद्रपद मी तेथे तुताऱ्या आणि छोटे टिलवे मोजले. नंतरच्या उन्हाळ्यात एका श्रमदान शिबिरात आम्ही मुलांनी त्या तळ्याचा ‘घाण’ काठ काढला, उतार खणून दगड रचले, वर फिरायला वाट केली. पाहुण्यांनी कौतुक केले, आमचे फोटो निघाले. मीही त्यात हसतो आहे. पावसाळ्यात तळे काठोकाठ भरले. फार सुंदर दिसले. भाद्रपदात मी दुर्बीण घेऊन गेलो. पाच-सहा तुताऱ्या आल्या, पाण्यावरून दोन घिरट्या घातल्या आणि निघून गेल्या. पाणी भरपूर होते, पण पाय टेकायला जागा नव्हती. तो काठ घाण नव्हता, ते ताट होते, हे मला दगड रचून झाल्यावर समजले.

आता आम्ही काही मित्र गावात विनंती करीत आहोत, की तळ्याची एक बाजू तरी उतरती आणि मातीची ठेवावी. थोडे दगड काढण्याची आमची तयारी आहे.

आपल्या कन्नड विभागातल्या एका मित्राने मला तुतारीचे कन्नड नाव सांगितले: गद्देगोरव. गद्दे म्हणजे भाताचे शेत. पक्षी कोठे शोधावा हे नावातच सांगून ठेवले आहे! नावे ठेवणाऱ्यांनी चिखलाकडे नीट पाहिले होते. येत्या भाद्रपदात एखाद्या सकाळी आपणही पाहावे.