फोटोच्या पाठीवर दोन ओळी

दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरली, की पुढची कामे निदान दोन तास तरी खोळंबतात. डबे घासायचे राहतात, जळमटे लोंबत राहतात आणि घरातल्या साऱ्याजणी जमिनीवर फतकल मारून जुना अल्बम बघत बसतात. काळ्या जाड कागदाची पानं, मध्ये बटरपेपर, फोटोंच्या कोपऱ्यांना ते इवलेसे त्रिकोणी कॉर्नर!

“अगंबाई, ही आत्या? कसली बारीक होती!”

“आणि आजोबांच्या शेजारी उभी आहे ती कोण हो?”

इथे मात्र सगळ्या गप्प. सासूबाईंना ठाऊक होते, पण त्या आता नाहीत. मावशींना विचारावे, तर त्यांना हल्ली आठवत नाही. मग कोणीतरी म्हणते, “असेल कुणीतरी नात्यातली,” आणि पान उलटले जाते. त्या बाईचे या घरातले अस्तित्व त्या क्षणी पुसले जाते, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

आता मोबाइलच्या दिवसांत छापील फोटोंचे एवढे काय कौतुक, असे आपल्या लेकीसुना विचारतील. विचारू देत. मोबाइल वाईट नाहीच. पण मोबाइल एकटीचा असतो, त्याला कुलूप असते आणि दोन-चार वर्षांत तो बदलतो. अल्बम घराचा असतो. तो मांडीवर घेतला की डाव्या-उजव्या बाजूला आपोआप माणसे येऊन बसतात. नातवाला तो बघायला पासवर्ड लागत नाही. पुस्तकांचेही तसेच. कपाटातले पुस्तक येता-जाता दिसते, म्हणून हातात घेतले जाते.

मोजकेच फोटो, मोजक्याच बायका

फोटो ही पूर्वी चैन होती. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली ती 1854 साली, पण मध्यमवर्गीय घरांत स्वतःचा कॅमेरा यायला शंभरएक वर्षे लागली. पुष्कळ घरांतला पहिला कॅमेरा म्हणजे आग्फाचा क्लिक थ्री. त्याच्या रोलमध्ये बारा फोटो निघत. नंतर छत्तीस फोटोंचे रोल आले. उटीच्या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ फिल्मही कित्येकींना आठवत असेल. एकेक फोटो जपून काढायचा आणि रोल संपेपर्यंत धुवायला टाकायचा नाही, अशी शिस्त होती.

म्हणून जुन्या अल्बमात घरची बाई किती वेळा दिसते, ते एकदा मोजून पाहा. लग्नाआधी ‘दाखवायला’ म्हणून स्टुडिओत काढलेला एक फोटो. लग्नातले काही. डोहाळजेवणाचा एक, फुलांची वाडी भरलेला. आणि त्यानंतर एकदम मुलाच्या मुंजीत, मातृभोजनाला! मधली आठ-दहा वर्षे ती स्वयंपाकघरात होती, बाळंतिणीच्या खोलीत होती, पाहुण्यांच्या पंगती वाढत होती. फोटोत नव्हती. तेव्हा जे तीन-चार फोटो आहेत, तेवढाच तिचा पुरावा.

नावाचा घोटाळा

त्यातून आपल्याकडे एक जुनी रीत. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे नाव लिहायचे, आणि कालपर्यंतची कुसुम आजपासून सुमती. आडनाव तर बदलतेच. आता ही रीत पुष्कळजणी पाळत नाहीत, पण आपल्या आज्या-पणज्यांच्या बाबतीत ती सर्रास होती. माहेरच्या अल्बमात ती कुसुम, सासरच्या अल्बमात सुमती, आणि दोन्ही एकच हे सांगणारे माणूस गेले की संपले. पुरुषाचे नाव शाळेच्या दाखल्यावर, नोकरीच्या कागदावर, दारावरच्या पाटीवर कुठेतरी सापडते. बाईचे पुष्कळदा कुठेच सापडत नाही.

कुठेच म्हणणेही बरोबर नाही म्हणा. ते पुस्तकांत सापडते! शाळेत बक्षीस मिळालेल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर कुमारी अमुक, इयत्ता सहावी. लग्नात आहेर आलेल्या पुस्तकावर ‘सौ. अमुक हिस सप्रेम भेट’. पोथीच्या शेवटच्या पानावर किंवा पंचांगाच्या समासात मुलांच्या जन्मवेळा, बाळंत झालेल्या बाईच्याच अक्षरात. आणि पाककृतींची पुस्तके विसरून कसे चालेल? लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ असो की कमलाबाई ओगल्यांची 1970 सालची ‘रुचिरा’, ज्या पानावर तेलाचे डाग तो पदार्थ त्या घरात आवडीचा, हे न सांगता कळते. समासात पेन्सिलीने लिहिलेले असते, ‘गूळ पाऊण वाटीच पुरे’. त्या चार शब्दांत आजेसासूबाईंचा हात आणि आजेसासऱ्यांची जीभ, दोन्ही कळतात. म्हणून जुने पुस्तक रद्दीत घालण्यापूर्वी पहिले पान, शेवटचे पान आणि समास एकदा तरी बघा.

आज काय करावे?

घरात सर्वांत वडीलधारी जी बाई असेल, आजी, मावशी, आत्या, शेजारच्या काकूसुद्धा, तिच्यासमोर एका दुपारी अल्बम घेऊन बसा. सगळा एका बैठकीत उरकायला जाऊ नका, माणूस थकते. रोज चार-पाच पाने पुरेत. फोटो कोणाचा, कुठे काढला, साधारण कोणत्या साली आणि कोणत्या प्रसंगी, एवढे विचारा. बायकांची माहेरची आणि सासरची, दोन्ही नावे मुद्दाम विचारा. साल आठवत नसेल तर “धाकट्याचा जन्म झाला होता का तेव्हा?” असे विचारले की बरोबर आठवते.

जुन्या कागदी फोटोच्या पाठीवर मऊ शिशाच्या पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा. फोटो पालथा ठेवायचा तो स्वच्छ, सपाट जागी. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढच्या बाजूला उठतो. नंतरच्या रंगीत फोटोंची पाठ गुळगुळीत असते, तिच्यावर पेन्सिल उमटत नाही. अशा वेळी फोटो कागदी पाकिटात ठेवून पाकिटावर आधी लिहावे आणि मग फोटो आत सरकवावा. काळ्या पानाला घट्ट चिकटलेला फोटो ओढून काढू नका. वेगळ्या वहीत पानाचा आकडा घालून नावे लिहिली तरी काम झाले.

जपणूक

ब्लॅक अँड व्हाइट फोटोतली आकृती चांदीच्या बारीक कणांची असते, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. रंगीत फोटोतली रंगद्रव्ये मात्र उजेडाने आणि उष्णतेने विटतात. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले कित्येक फोटो आता तांबूस झाले आहेत, ते यामुळेच. ते भिंतीवर लावण्यापेक्षा अंधारात, कोरड्या जागी ठेवावेत आणि भिंतीवर त्याची नवी प्रत लावावी. चिकट पानांवर प्लॅस्टिक ओढायचे ते ‘मॅग्नेटिक’ अल्बम एकेकाळी घरोघरी होते. त्यातला चिकटपणा फोटोला बाधतो. फोटो सहज सुटत असतील तर काढून घ्यावेत. फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यामध्ये माऊंटचा पुठ्ठा हवाच, नाहीतर पावसाळी दमटपणात फोटो काचेला चिकटतो. ओल येणाऱ्या भिंतीवर फ्रेम टांगू नये. मागून वाळवी लागली तर पत्ताही लागत नाही.

पुस्तके भिंतीला अगदी टेकवून ठेवू नयेत, मागे दोन बोटे हवा खेळू द्यावी. पावसाळा सरला की ती बाहेर काढून, झटकून, सावलीत उघडी ठेवावीत. कडक उन्हात नकोत. कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा पुरचुंडीत बांधलेले वेखंड ठेवण्याची जुनी पद्धत आहेच. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. तो पिवळा पडतो आणि कागदही नासवतो.

आणि पाणी! पानशेतच्या 1961 च्या पुरात, मुंबईच्या 26 जुलै 2005 च्या पावसात, कोल्हापूर-सांगलीच्या 2019 च्या महापुरात भांडीकुंडी नंतर पुन्हा घेता आली, फोटो नाही. म्हणून अल्बम खालच्या खणात ठेवू नये. भिजलेच तर एकमेकांना चिकटलेले फोटो सुके असताना ओढू नका. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून अलगद सोडवा आणि चित्राची बाजू वर करून सुती कापडावर, सावलीत वाळवा. भिजलेली पुस्तके उभी ठेवून पाने मोकळी करावीत आणि पंखा लावावा.

मोबाइलचा खरा उपयोग इथे करून घ्या. अल्बमच्या प्रत्येक पानाचा आणि फोटोच्या पाठीचाही फोटो काढून भावंडांना पाठवा. एक प्रत बुडाली तर दुसरीकडे राहते. आणि उलटही करा. वर्षभरात मोबाइलवर काढलेल्या ढिगातून छत्तीस फोटो निवडा, म्हणजे जुन्या एका रोलएवढे, आणि छापून घ्या. निवडताना एक पथ्य पाळा, बरं का: त्यात तुमचा स्वतःचा फोटो हवा. सणावारी नटलेलाच नव्हे, तर ओट्यापाशी उभ्या आहात तोही, ऑफिसला निघाल्याच्या घाईतलाही. घरात सगळ्यांचे फोटो काढणारी बाई अजूनही स्वतः फोटोत नसते.

पाठीवर तारीख, गाव आणि तुमचे पूर्ण नाव लिहा. ‘आई’ एवढेच लिहू नका. आई तर प्रत्येक घरात असते. पन्नास वर्षांनी पणतीला कळायला हवे की ही कोण होती.