व्यसनमुक्ती : दाखल होऊन की घरी राहून?

तानसा अभयारण्याच्या परिसरात, शहापूर व मुरबाड तालुक्यांतील गावपाड्यांवर, एखाद्या घरातील कर्ता पुरुष दारूच्या आहारी गेला की कुटुंबापुढे पेच उभा राहतो. उपचारासाठी त्याला महिनाभर केंद्रात ठेवावे, तर मजुरी बुडते. घरी ठेवावे, तर दारू हाकेच्या अंतरावर असते. व्यसन हा स्वभावदोष नसून उपचाराने आटोक्यात येणारा आजार आहे. त्यामुळे ही निवड रुग्णाच्या अवस्थेवरून व्हावयास हवी.

दाखल करणे केव्हा आवश्यक?

दीर्घकाळ रोज मोठ्या प्रमाणात पिणाऱ्याने दारू एकाएकी थांबविल्यास काही तासांतच हातांना कंप सुटतो, घाम येतो, झोप उडते. पहिल्या ४८ तासांत झटके येऊ शकतात, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊ शकतो. ही अवस्था प्राणघातक ठरू शकते. म्हणून अशा माणसाला घरात कोंडून दारू सोडविण्याचा प्रयत्न करू नये. पूर्वी झटके वा भ्रम झालेला, यकृताचा गंभीर विकार असलेला, आत्महत्येचे विचार बोलून दाखविणारा किंवा घरी सांभाळणारे कोणी नसलेला रुग्ण रुग्णालयातच दाखल करावा. शरीर सावरल्यावर मनाच्या उपचारांसाठी निवासी केंद्रे उपयोगी पडतात. डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेले मुक्तांगण हे त्यांपैकी सर्वपरिचित होय.

घरी राहून उपचार

व्यसन अद्याप खोलवर रुजलेले नसेल, तर बाह्यरुग्ण उपचार पुरेसे ठरू शकतात. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी हानिकारक मद्यपान करणाऱ्या पुरुषांना मोजक्या भेटींत साहाय्य केले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ३६ टक्के, तर नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपैकी २६ टक्के पुरुष धोक्याच्या पातळीखाली आले. तीव्र अवलंबित्व असलेल्यांना मात्र हा निष्कर्ष लागू करता येणार नाही.

पाठपुरावा महत्त्वाचा

मार्ग कोणताही असो, खरी कसोटी रुग्ण घरी परतल्यावर लागते. पुन्हा पिणे म्हणजे उपचार वाया गेले असे नव्हे. ती पुन्हा उपचार घेण्याची सूचना होय. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांच्या बाबतीत निघण्यापूर्वीच औषधे, पुढील भेटीचा दिवस व भट्टीजवळचे आरोग्य केंद्र निश्चित केले पाहिजे.

२०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे केवळ एकाला कोणतेतरी उपचार मिळतात. ही दरी गावपातळीवरच बुजवावी लागेल. शिक्षकाने मुलांच्या गैरहजेरीमागचे कारण जाणून घ्यावे, सरपंचाने रुग्णाला दंड वा बहिष्काराची भीती न दाखविता आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचवावे आणि १४४४६ हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावा. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना मद्यविक्रीवर नियंत्रण ठेवण्याचे अधिकार पेसा कायद्याने दिले आहेत. उपचार घेऊन परतलेल्या माणसाच्या वाटेवर दारूचा गुत्ता उभा राहू नये, यासाठी त्या अधिकारांचा उपयोग व्हावा.