टीव्हीवरचा पत्त्यांचा डाव : दिसते ते आणि गाळले जाते ते

दिवाळीत तीनपत्तीचा डाव रंगतो, गणपतीच्या मांडवामागे रात्र जागवताना रमी होते. पत्ते आपल्याला नवे नाहीत. पण जुगाराला समाजात एक लाज होती. मटक्याचा आकडा लावणारा माणूस टपरीच्या आडोशाला उभा राहत असे. ही लाज गेल्या वीस-पंचवीस वर्षांत टीव्हीने पुसून टाकली. आज जुगार कोट घालून, दिव्यांच्या झगमगाटात, समालोचकांसह थेट बैठकीच्या खोलीत येतो. आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण जुगाराची अनावर ओढ हा वैद्यकशास्त्राने मान्य केलेला आजार आहे, आणि त्याची लागण बरेचदा डोळ्यांवाटे होते.

कॅमेऱ्याची करामत

पोकर या खेळाचे उदाहरण घेऊ. त्याच्या सर्वांत प्रसिद्ध प्रकारात प्रत्येक खेळाडूला दोन झाकलेली पाने मिळतात आणि टेबलावर पाच पाने सर्वांसाठी उघडली जातात. पूर्वी हा खेळ टीव्हीवर अगदी नीरस वाटे, कारण कुणाच्या हातात काय आहे हे प्रेक्षकाला कळतच नसे. १९९९ मध्ये ब्रिटनच्या 'चॅनेल फोर'ने 'लेट नाइट पोकर' या कार्यक्रमात काचेच्या पट्टीखाली कॅमेरे लावून झाकलेली पाने प्रेक्षकांना दाखवली. पुढे अमेरिकन वाहिन्यांनी हीच युक्ती उचलली आणि कोण जिंकण्याची किती टक्के शक्यता आहे, याचे आकडेही पडद्यावर येऊ लागले.

इथेच प्रेक्षकाची फसगत होते. त्याला सगळ्यांची पाने दिसतात. खेळणाऱ्याला फक्त स्वतःची. घरी बसलेला माणूस म्हणतो, "अरे, याने पाने टाकून द्यायला हवी होती!" आणि त्याला वाटू लागते की हा खेळ आपल्याला जमेल. परीक्षेत उत्तरपत्रिका समोर ठेवून प्रश्न सोडवण्यासारखेच हे आहे.

दुसरी करामत कात्रीची. दिवसदिवस चाललेला खेळ तासाभरात बसवायचा, म्हणून कंटाळवाणे डाव गाळले जातात. हिशेब करून पाहा. हातात दोन एक्के येण्याची शक्यता २२१ डावांत एकदा. टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात असे धरले, तर दोन एक्के सरासरी सात ते नऊ तासांनी एकदा दिसायचे. हातात कोणतीही जोडी येण्याची शक्यताही सतरात एक. उरलेला बहुतेक वेळ पाने टाकून बसून राहायचे. पडद्यावर मात्र एकामागून एक जबरदस्त हात येतात. जे वारंवार व ठळकपणे दिसते ते वारंवार घडते, असे मानण्याची आपल्या मेंदूला खोड आहे. मानसशास्त्रज्ञ ट्वर्स्की आणि काहनमन यांनी ती १९७३ मध्येच दाखवून दिली होती.

जिंकणारा एक, बाकीचे कोण?

२००३ साली अमेरिकेतील ख्रिस मनीमेकर नावाच्या हिशेबनिसाने पोकरची जागतिक स्पर्धा जिंकली. बक्षीस पंचवीस लाख डॉलर. किरकोळ रकमेच्या ऑनलाइन स्पर्धेतून तो तिथवर पोचला होता. वाहिनीने ही कथा पुन्हा पुन्हा दाखवली. त्या वर्षी स्पर्धेत ८३९ खेळाडू होते. पुढच्या वर्षी २,५७६ झाले आणि २००६ मध्ये ८,७७३. प्रत्येकाला वाटले, पुढचा मनीमेकर मीच. उरलेल्या ८३८ जणांची नावे मात्र कुणाला आठवत नाहीत.

अमेरिका लांब राहिली. आपल्याच पिंपरी-चिंचवड पोलीस दलातील एका उपनिरीक्षकाला ऑक्टोबर २०२३ मध्ये, क्रिकेट विश्वचषकाच्या काळात, ऑनलाइन संघ बनवण्याच्या खेळात दीड कोटी रुपये लागले. वाहिन्यांवर दिवसभर तीच बातमी, पेढे, मुलाखती. काही दिवसांतच गैरवर्तन आणि गणवेशात मुलाखती दिल्याच्या कारणावरून त्यांना निलंबित करण्यात आले. त्या व्यक्तीला दोष देण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न बातमीचा आहे. भोसरी, तळवडे, चाकणच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या तरुणाने त्यातून काय घेतले? 'आपल्या गावच्या माणसाला लागले.' त्याच खेळात त्याच रात्री ज्यांचे पैसे गेले, त्यांच्या दारात कॅमेरा गेला नाही.

जाहिरातींचेही तेच. २०२० मध्ये अशाच खेळाची एक कंपनी २२२ कोटी रुपये मोजून आयपीएलची मुख्य प्रायोजक झाली. त्याच वर्षी १५ डिसेंबरपासून जाहिरात मानक परिषदेने नियम लागू केले : या खेळात आर्थिक जोखीम आहे व त्याचे व्यसन लागू शकते, असा इशारा द्यावा, तो नेहमीच्या बोलण्याच्या वेगात वाचावा, खेळ हा कमाईचा मार्ग किंवा नोकरीला पर्याय म्हणून दाखवू नये. तो इशारा किती घाईने उरकला जाई, हे वाचकांना आठवतच असेल. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर व त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा संमत केला आणि मोठ्या कंपन्यांनी असे खेळ थांबवले. पण लागलेली सवय कायद्याच्या एका कागदाने सुटत नाही.

शरीरात काय घडते?

बक्षीस केव्हा मिळेल याचा नेम नसतो, तेव्हा ओढ सर्वांत चिवट होते. बक्षिसाच्या अपेक्षेने मेंदूत डोपामिन हे रसायन स्रवते. केंब्रिजमधील संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले की 'थोडक्यात हुकले' या अनुभवानेही मेंदूतील जिंकण्याशी निगडित भाग उद्दीपित होतात. म्हणजे हरणाराही पुन्हा खेळायला सज्ज होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत जुगाराचा विकार व्यसनांच्या गटात आहे.

दवाखान्यात असा रुग्ण 'मला जुगाराचे व्यसन आहे' म्हणून येत नाही. तो पित्त, डोकेदुखी, छातीत धडधड आणि झोप न लागणे या तक्रारी घेऊन येतो. रात्रपाळीमुळे झोप बिघडली, असे घरचे समजतात. म्हणून पुढील खुणांकडे लक्ष द्यावे :

१. पगार होऊन आठवडा होत नाही तोच उसनवारी सुरू होणे; भिशीचे वा मुलांच्या फीचे पैसे 'अडकले' असे सांगणे.
२. गेलेले पैसे भरून काढण्यासाठी अधिक मोठी रक्कम लावणे.
३. मोबाइल लपवणे, खोटे बोलणे, विचारताच चिडणे.
४. थांबण्याचे ठरवूनही थांबता न येणे.

एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, प्रॅमिपेक्सोल व रोपिनिरोल यांसारख्या औषधांनी काही रुग्णांत जुगाराची ओढ अचानक निर्माण होते. घरातील ज्येष्ठ व्यक्ती औषध सुरू झाल्यावर एकाएकी असे वागू लागली, तर तिला दोष न देता लगेच डॉक्टरांना सांगावे. औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

उपाय काय?

घरच्यांनी शिव्याशाप देऊ नयेत, आणि गुपचूप सगळे कर्जही फेडून टाकू नये. दोन्हींनी आजार वाढतो. काही काळ पगाराचा व्यवहार घरातील विश्वासू माणसाकडे द्यावा. कर्जाचा खरा आकडा एकदा कागदावर मांडावा. मनोविकारतज्ज्ञांच्या समुपदेशनाने, विशेषतः विचार व वर्तन बदलण्याच्या उपचारपद्धतीने, पुष्कळ रुग्ण सावरतात. सोबत नैराश्य किंवा दारू असेल तर त्यावरही उपचार लागतात. जीव नकोसा झाल्याची भाषा कोणी केली, तर ती धमकी समजू नये. त्याला एकटे सोडू नये व त्याच दिवशी मदत घ्यावी. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

आणि घरात असा कार्यक्रम लागलाच, तर मुलांना शेजारी बसवून दोन प्रश्न विचारावेत : यातले गाळलेले डाव किती असतील? आणि जो जिंकला, त्याचे पैसे आले कोणाच्या खिशातून? द्यूताच्या पटावर धर्मराजाचे राज्य गेले, हे मुलांना गोष्टीतून माहीत असते. टीव्हीवरच्या गोष्टीत हरणाऱ्याचे पुढे काय झाले, ते आपणच सांगायला हवे.