जबलपूरचे टेबल, शेफील्डचे टेबल

1938 च्या मार्च महिन्यात लंडनच्या ‘द फील्ड’ या साप्ताहिकात एक पत्र छापून आले. लिहिणारे होते ऐंशी ओलांडलेले सेवानिवृत्त लष्करी अधिकारी सर नेव्हिल चेंबरलेन. त्या वेळी इंग्लंडच्या पंतप्रधानपदी असलेले आणि त्याच वर्षी म्युनिकचा करार करून आलेले चेंबरलेन ते हे नव्हेत, जरी नामसादृश्यामुळे आजही पुष्कळांची गफलत होत असली तरी. स्नूकर हा खेळ कोणी आणि कोठे काढला याविषयी जे नाना तर्क चालले होते त्यांचा एकदाचा निकाल लावावा या हेतूने त्यांनी असे निवेदन केले होते, की 1875 साली जबलपूरच्या छावणीत डेव्हनशर पलटणीत आपण कनिष्ठ हुद्द्यावर असताना, मेसमधल्या बिलियर्डच्या टेबलावर हा खेळ प्रथम आपणच मांडला. पुढल्या वर्षी कॉम्प्टन मॅकेन्झी या कादंबरीकाराने त्यांच्या बाजूने लेख लिहिला, आणि तेव्हापासून जबलपूरचा हा मान बहुतेक सर्वांनी मान्य केला आहे.

जबलपूर मराठी वाचकाला परके नाही. 1817 पर्यंत तेथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता; पुढे मध्य प्रांताचा कारभार नागपुराहून चालू लागल्यावर मुलकी खात्यांतून, शाळांतून आणि कचेऱ्यांतून किती तरी मराठी कुटुंबे तेथे जाऊन स्थायिक झाली. 1870 मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपुरास जुळला, आणि त्यानंतर पाचच वर्षांनी, ऐन पावसाळ्यात, बाहेरचे सारे उद्योग बंद पडून मेसमध्ये अडकलेल्या त्या तरुण अधिकाऱ्यांनी पैजेवर चालणाऱ्या दोन जुन्या खेळांची सरमिसळ केली: ‘पिरॅमिड्स’मधले पंधरा लाल चेंडू घेतले, ‘ब्लॅक पूल’मधला काळा घेतला आणि मग एकेक रंग वाढवीत नेला. नेम चुकलेल्या एका सोबत्याला वुलिचच्या लष्करी विद्यालयात नवख्यांसाठी रूढ असलेले थट्टेचे नाव लावण्यात आले, तेच खेळाला चिकटले. गावात हा मान नर्मदा क्लबाला देण्याची वहिवाट आहे. चेंबरलेन यांच्या निवेदनात उल्लेख मात्र पलटणीच्या मेसचा आहे, आणि कर्ता स्वतः साक्षीला उभा असताना त्याचेच म्हणणे ग्राह्य धरावे असे मला वाटते.

पुढची हकिकत थोडक्यात सांगता येईल. चेंबरलेन उटकमंडला गेले, 1882 च्या सुमारास तेथल्या क्लबात खेळाचे नियम लिहून भिंतीवर लावले गेले. 1885 मध्ये इंग्लंडचा बिलियर्डपटू जॉन रॉबर्ट्स हिंदुस्थानात आला असता कूचबिहारच्या महाराजांकडील भोजनप्रसंगी त्याने चेंबरलेन यांच्याकडून ते समजून घेतले आणि विलायतेस नेले. 1927 मध्ये जो डेव्हिसने पहिली व्यावसायिक जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा जिंकली. जबलपूरच्या छावणीतला खेळ असा परदेशी झाला. ज्या देशात तो जन्मला त्या देशाचे खेळाडू आज त्या परदेशात कसे खेळतात, हा खरा कुतूहलाचा विषय आहे, आणि त्याचे उत्तर द्यायचे तर खेळाडूच्या आधी टेबलाकडे पाहिले पाहिजे.

स्नूकरचे टेबल म्हणजे सुमारे बारा फूट लांब, सहा फूट रुंद अशी पाटीच्या दगडाच्या लाद्यांची बैठक आणि तिच्यावर ताणून बसविलेले लोकरी कापड. या कापडाला लव असते आणि ती एकाच दिशेने, खेळ सुरू होतो त्या टोकाकडून काळ्या चेंडूच्या टोकाकडे, झुकलेली असते. आपल्याकडील कोणत्याही जुन्या जिमखान्यात सकाळी लवकर गेलात तर मार्कर टेबलाला वळसा घालीत त्याच दिशेने ब्रश ओढताना आणि मग तापवलेली जड इस्त्री एका सरळ रेषेत, मध्ये न थांबता, फिरविताना दिसेल. ब्रश उलटा फिरला तर दिवसभर हळू मारलेला चेंडू वाट सोडून जातो, हे त्याला कोणत्याही ग्रंथावाचून ठाऊक असते. तो गुण मोजतो, चेंडू पुसतो, कोणी सोबती नसेल तर सभासदाबरोबर खेळतोही. आपल्या कित्येक क्लबांतील साहेबलोकांचा पहिला गुरू हा मार्करच होता.

परंतु त्याच्या साऱ्या निगराणीनंतरही पावसाळ्यात लोकर दमट हवा पिते, चेंडू जड चालू लागतो, कुशनवरून आळसावून परततो. उलट परदेशी व्यावसायिक स्पर्धांतील टेबलांच्या दगडाखाली विजेच्या उष्णतेची योजना असते, कापड पातळ, नवेकोरे आणि कोरडे असते, चेंडू जराशा स्पर्शाने दूरवर धावतो, आणि पॉकेटांची तोंडे अशी काटेकोर कापलेली असतात, की क्लबात जो फटका आत पडला असता तो तेथे जबड्यात थरथरून बाहेर येतो. अमेरिकन पूलची तऱ्हा आणखी निराळी: तेथील टेबल नऊ फुटांचे, चेंडू मोठे, पॉकेटे रुंद. वर्षानुवर्षे एका गतीला सरावलेला हात दुसऱ्या गतीला वळविणे हे काम दोन दिवसांच्या सरावाने होत नाही. आणि या खेळात तर प्रतिस्पर्धी खेळत असताना खुर्चीत बसून पाहण्यावाचून गत्यंतरच नसल्यामुळे, चुकीची दुरुस्ती करण्याची संधीही आपल्या इच्छेने मिळत नाही.

बिलियर्डमध्ये ही अडचण आपल्या खेळाडूंनी फार पूर्वी ओलांडली. तेथे चेंडू तीनच, आणि थोर खेळाडू ते एका टोकाशी जवळजवळ ठेवून नाजूक हाताने तासन्‌तास गुण जमवीत राहतो. जिमखान्यातील निवांत दुपारींत मुरणारी ही कला आहे, आणि माझ्या मते आपल्या यशाचे एक मूळ तेथेच आहे. पुण्यात 1922 साली जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी 1958 मध्ये कलकत्त्यास जागतिक हौशी अजिंक्यपद मिळविले, तेव्हा स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारातील पहिला जगज्जेता लाभला. पण कलकत्ता घरचेच; 1964 मध्ये न्यूझीलंडला जाऊन त्यांनी तेच पद पुन्हा जिंकले, हा पराक्रम मी अधिक मोलाचा मानतो. त्यांच्यामागून मुंबईचे मायकेल फरेरा आले. वकिलीचे शिक्षण घेतलेला हा तेजस्वी गृहस्थ 1977, 1981 आणि 1983 मध्ये जगज्जेता झाला, आणि पद्मश्री देऊ केली असता, सुनील गावसकरांना पद्मभूषण मिळाले मग मला का नाही, असा रोखठोक सवाल करून त्याने ती नाकारली. पुढे 1983 मध्ये सरकारने त्यांना पद्मभूषण दिलेच.

स्नूकरची कथा अशी सरळ नाही. 1984 मध्ये ओम अगरवाल यांनी डब्लिनला जागतिक हौशी अजिंक्यपद जिंकले. पुण्यातच जन्मलेल्या पंकज अडवाणी यांनी 2003 मध्ये चीनमधील च्यांगमेन येथे, वयाच्या अठराव्या वर्षी, तेच केले. हौशी स्पर्धा आठ-पंधरा दिवसांची असते. खेळाडू जातो, टेबल ओळखतो, जिंकतो वा हरतो आणि घरी येतो. व्यावसायिक वर्तुळाचा कायदा वेगळा आहे. तेथे सव्वाशेच्या आसपास खेळाडूंना बहुधा दोन वर्षांची सनद मिळते, मानांकन बक्षिसाच्या रकमेवर ठरते, आणि सनद टिकवायची तर हंगामभर इंग्लंड, वेल्स, जर्मनी, चीन असे भटकावे लागते. सुरुवातीच्या फेऱ्यांतील सामने पुष्कळदा सात फ्रेमचेच. मुंबईहून विमानाने जावे, हॉटेलात उतरावे, दीड तासात चार फ्रेम हरावे आणि पुढच्या स्पर्धेपर्यंत भाड्याच्या खोलीत दिवस काढावे, असा हा व्यवसाय आहे. ज्याचे घर टेबलापासून तासाभरावर आहे त्या इंग्रज खेळाडूला हाच पराभव निम्म्या किमतीत पडतो.

तरीही मुंबईच्या आदित्य मेहता यांनी जे करून दाखविले ते विसरण्याजोगे नाही. 2013 मध्ये दिल्लीला झालेल्या इंडियन ओपनमध्ये ते अंतिम फेरीत पोहोचले. मानांकनाच्या स्पर्धेत इतका पुढे गेलेला भारतीय तोवर कोणी नव्हता. चीनच्या डिंग जुनहुईने तेथे त्यांना एकही फ्रेम घेऊ दिली नाही, हेही खरे. पुढच्या वर्षी जर्मनीतील फ्यूर्थ येथे त्यांनी एका डावात 147 गुण केले. याचा अर्थ असा, की पंधराही लाल चेंडू टाकून, प्रत्येकामागून सात गुणांचा काळाच टाकून, शेवटी सहाही रंग क्रमाने टाकीत टेबल मोकळे करायचे, आणि या छत्तीस फटक्यांत पांढरा चेंडू प्रत्येक वेळी पुढच्या फटक्याला सोयीच्या जागीच थांबला पाहिजे.

अडवाणी यांचा अनुभव मला अधिक बोलका वाटतो. 2012 मध्ये ते व्यावसायिक वर्तुळात दाखल झाले, पुढल्याच वर्षी वेल्समधील स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेले, आणि दोन हंगामांनंतर ते वर्तुळ सोडून बंगळुरास परतले. त्याच 2014 साली, इंग्लंडमधल्याच लीड्स शहरी, त्यांनी बिलियर्डच्या जागतिक स्पर्धेचे गुणांवर आणि वेळेवर खेळले जाणारे दोन्ही प्रकार जिंकले. तोच देश, तोच हात. परदेशाची भूमी त्यांना बाधली असे म्हणण्यास जागाच राहत नाही. बाधला तो वर्षभर परक्या ठिकाणी बिऱ्हाड करून राहण्याचा पेच.

चिनी लोकांनी हा पेच पैशाने आणि चिकाटीने सोडविला. कोवळ्या वयाची मुले शेफील्डला आणून ठेवायची, तेथल्याच अकादमीत तेथल्याच तापलेल्या टेबलांवर रोज सहा-सहा तास खेळवायची, एकमेकांच्या संगतीने त्यांचा एकांत हलका करायचा, असा क्रम त्यांनी वर्षानुवर्षे चालविला. त्याच शेफील्डच्या क्रूसिबल नाट्यगृहात 1977 पासून जागतिक व्यावसायिक अजिंक्यपदाची स्पर्धा भरते, आणि 2025 मध्ये तेथे झाओ शिनटाँग हा पहिला आशियाई विजेता ठरला. बत्तीस खेळाडूंच्या त्या मुख्य स्पर्धेत तोवर एकाही भारतीयाचा शिरकाव झालेला नव्हता. आपल्याकडे अशी सामुदायिक तजवीज नाही. जो जातो तो स्वतःच्या किंवा घरच्यांच्या खर्चाने, एकटा जातो. मुंबईचा ईशप्रीतसिंग चढ्ढा 2022-23 च्या हंगामापासून या वर्तुळात उतरला आहे. त्याच्यासारखे आणखी चार-पाच जण एकाच गावात, एकाच छपराखाली, निदान तीन-चार वर्षे राहतील एवढी सोय एखाद्या उद्योगगृहाने किंवा महासंघाने केली, तर क्रिकेटच्या एका मध्यम प्रतीच्या खेळाडूच्या लिलावात ओतल्या जाणाऱ्या रकमेपेक्षा खर्च बराच कमी येईल.